साठवणीतला गंध : गांजाच्या कोठारापासून टर्पीनच्या पुडीपर्यंत

वाळवून साठवल्या जाणाऱ्या वनस्पतींच्या व्यापारात वास हा मालाच्या वयाचा पहिला पुरावा मानला जातो. मसाल्याचा जिन्नस असो, तंबाखू असो वा औषधी पाला, जाणते गिऱ्हाईक तो आधी बोटांत चुरडून हुंगते आणि मगच भाव विचारते. गांजाच्या बाबतीत या पुराव्याला अधिकच महत्त्व आले, कारण या मालाचे उत्पादन वर्षातून एकदा होत असे, खप मात्र बारमाही होता, आणि एकोणिसाव्या शतकात त्याच्या वजनावर सरकारी कर बसल्यापासून तो महिनोन्‌महिने कुलूपबंद कोठारांत पडून राहू लागला. गेल्या काही वर्षांत उत्तर अमेरिकेतील परवानाधारक बाजारात टर्पीनच्या पुड्या मिळू लागल्या आहेत. गंध उडून गेलेल्या सुक्या फुलांच्या बरणीत अशी पुडी ठेवली की काही दिवसांत फुलांना पुन्हा वास येतो, असा त्यांच्यामागचा दावा आहे. वस्तू नवी असली तरी तिच्यामागचा प्रश्न जुना आहे, आणि त्या प्रश्नाच्या इतिहासातील बराच भाग बंगालच्या व मुंबई इलाख्याच्या कोठारांत घडलेला आहे.

हा इतिहास समजण्यासाठी गांजा म्हणजे नेमके काय, हे प्रथम पाहणे आवश्यक आहे. भांगेच्या झाडात नर आणि मादी ही झाडे बहुधा वेगवेगळी असतात. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर राळ स्रवणारे ग्रंथियुक्त सूक्ष्म केस असतात, आणि परागसिंचन होऊ न देता वाढवलेल्या अशा राळयुक्त फुलोऱ्याला गांजा म्हणतात. खरवडून वा चोळून वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस, तर पानांपासून होते ती भांग. फुलोऱ्यावरील राळेत दोन प्रकारची द्रव्ये एकत्र नांदतात. एक प्रकार जड आणि सहज न उडणाऱ्या द्रव्यांचा असून मादक गुण त्यांत असतो. दुसरा प्रकार हलक्या, हवेत सहज मिसळणाऱ्या टर्पीन नावाच्या संयुगांचा असून वास मुख्यतः त्यांच्यामुळे येतो. कार्बनचे दहा अणू असलेली मोनोटर्पीने, उदाहरणार्थ मिर्सीन, लिमोनीन आणि पायनीन, लवकर उडतात, तर पंधरा अणूंची सेस्क्विटर्पीने, म्हणजे कॅरिओफायलीन आणि ह्युम्युलीन यांसारखी संयुगे, तुलनेने टिकाऊ असतात. यांतील एकही संयुग केवळ गांजातच सापडते असे नाही. संत्र्याच्या सालीत लिमोनीन, लवंगेत कॅरिओफायलीन आणि चीडाच्या डिंकात पायनीन विपुल असते, आणि पुडीत वापरण्याजोगी टर्पीने आज गांजाशिवाय अन्य वनस्पतींपासून मिळवता येतात, त्याचे कारण हेच आहे.

ब्रिटिश अमलातील गांजाच्या लागवडीचे सर्वांत नावाजलेले क्षेत्र म्हणजे बंगालमधील नौगावचा ‘गांजा महाल’. राजशाही, दिनाजपूर आणि बोगरा या जिल्ह्यांच्या सीमा जेथे एकमेकींना भिडत, तेथील काही गावांपुरतीच ही लागवड मर्यादित होती, आणि हा सारा प्रदेश आज बांगलादेशात आहे. डेप्युटी कलेक्टर हेमचंद्र केर यांनी या लागवडीवर व व्यापारावर लिहिलेला अहवाल १८७७ साली प्रसिद्ध झाला. त्या अहवालामुळे आणि त्यानंतरच्या चौकश्यांमुळे शेतापासून दुकानापर्यंतचा मालाचा प्रवास तपशीलवार नोंदला गेला. फुलोरा येऊ लागला की पोद्दार नावाचे जाणकार शेतात फिरून नर झाडे ओळखत आणि उपटून टाकत, कारण परागसिंचन होऊन बी धरले की राळ घटते आणि मालाचा दर्जा उतरतो. एकही नर झाड नजरेतून निसटले तर आसपासच्या पिकाला बाधा पोचत असल्यामुळे पोद्दाराच्या नजरेला मोठी किंमत होती.

कापणीनंतरची प्रक्रिया गंधाच्या दृष्टीने निर्णायक होती. चपटा गांजा तयार करताना उन्हात थोडी कोमेजलेली झाडे चटईवर वर्तुळाकार मांडली जात, शेंडे आतल्या बाजूला राहतील अशी काळजी घेतली जाई, आणि मजूर त्या थरावर पाय देऊन फुलोरा दाबत जात. एका थरावर दुसरा थर चढे, मग सारा ढीग झाकून त्यावर वजन दिले जाई, आणि ही क्रिया उलटसुलट करून पुन्हा केली जाई. गोल गांजासाठी डहाळ्या सुट्या करून त्या पायाने व हाताने वळल्या जात, आणि या सर्व हाताळणीत जो राळयुक्त भुगा गळून पडे त्याला चूर म्हणत. चपट्या गांजात काड्यांचा भाग जास्त, गोल गांजात कमी आणि चुरात जवळजवळ नाही, म्हणून सरकारी कराचे दरही या तीन प्रकारांना वेगवेगळे असत. तुडवण्याचा मूळ हेतू राळ फुलोऱ्याला धरून राहावी हा होता. पण दाबून घट्ट झालेल्या मालाचा उघडा पृष्ठभाग कमी होतो आणि त्यामुळे त्यातील उडनशील अंश सावकाश बाहेर पडतो, हा तुडवण्याचा दुसरा परिणाम आजच्या रसायनशास्त्राच्या आधारे स्पष्टपणे सांगता येतो. टर्पीन हा शब्द ठाऊक नसलेल्या शेतकऱ्यांनी गंध टिकवण्याची एक रीत अशा प्रकारे पिढ्यान्‌पिढ्या पाळली होती.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध दुहेरी आहे. मुंबई इलाख्यातील गांजाची लागवड प्रामुख्याने अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात होत असे, आणि पावसाळ्यात पेरलेले पीक हिवाळ्यात कापून खळ्यावर तुडवून चपटा माल तयार केला जाई. मध्य प्रांतात निमाड हे लागवडीचे क्षेत्र होते आणि तेथील माल खांडव्याच्या सरकारी कोठारात जमा होत असे. दुसरा संबंध मुंबई बंदराचा आहे. लंडनच्या औषधबाजारातील दलाल ज्या मालाला ‘ग्वाझा’ म्हणत, तो हिंदुस्थानातून गेलेला गांजाच होता, आणि त्याच्या निर्यातीत मुंबईचा मोठा वाटा होता. कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयातील विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये या वनस्पतीच्या औषधी उपयोगांवर निबंध सादर केल्यानंतर युरोपातील डॉक्टरांचे तिच्याकडे लक्ष गेले, आणि पुढे तिचा अर्क ब्रिटिश औषधकोशात दाखल झाला. कोठारातील मालाचे वय ही त्यानंतर केवळ चिलीम ओढणाऱ्याची तक्रार उरली नाही, तर औषध देणाऱ्या डॉक्टरचीही अडचण होऊन बसली.

करपद्धतीने ही अडचण अधिक तीव्र केली. कर वजनावर असल्यामुळे तयार माल सरकारी देखरेखीखालील कोठारात, ज्याला बंगालमध्ये गोला म्हणत, ठेवणे भाग पडे, आणि तो तेथून कर भरूनच बाहेर निघे. कोठारात पडून राहिलेल्या मालाचे वजन सुकून घटे, आणि ही घट खरी सुकण्याची की चोरीची, हा अबकारी अधिकाऱ्यांपुढचा नित्याचा प्रश्न होता. अधिकाऱ्याला तराजूवर जी घट दिसे तीत पाणी होते तसा गंधही होता. परंतु पाण्याचा हिशेब ठेवण्याची सोय दफ्तरात होती, गंधाची नव्हती. गंधाचा हिशेब गिऱ्हाईकच ठेवी. नवे पीक बाजारात आले की जुना माल मागे पडे, आणि न खपलेल्या जुन्या मालाचे करायचे काय, हा प्रश्न कोठारवाल्यांपुढे व सरकारपुढे पुनःपुन्हा उभा राही.

ब्रिटिश संसदेत डब्ल्यू. एस. केन यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नानंतर १८९३ साली हिंदुस्थान सरकारने भांग, गांजा व चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवून घेतले आणि १८९४ साली सात खंडांचा अहवाल दिला. माफक सेवनाने सामान्यतः विशेष अपाय होत नाही, संपूर्ण बंदी घालू नये, मात्र लागवड परवान्याने मर्यादित करून एका ठिकाणी आणावी आणि कर पुरेसा ठेवावा, असा त्याचा निष्कर्ष होता. आयोगाच्या सदस्यांत कलकत्त्याचे रसायनशास्त्रज्ञ सी. जे. एच. वॉर्डन होते. मुंबईचे विल्यम डायमॉक आणि डेव्हिड हूपर यांच्यासह वॉर्डन यांनी ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा हिंदुस्थानातील वनौषधींवरील ग्रंथ लिहिला होता, आणि त्यामुळे चौकशीत रासायनिक दृष्टीही आली. त्याच वर्षी, म्हणजे १८९३ मध्ये, वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन यांचा गांजाच्या लागवडीवरील अहवाल प्रसिद्ध झाला. साठवणीत गांजाचा गुण उतरतो, ही व्यापाऱ्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशा अहवालांमुळे शास्त्रीय चर्चेत रुजली.

प्रयोगशाळेतील शोध मात्र वेगळ्या दिशेने चालला होता. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पेर्सोन यांनी १८५७ साली भांगेचे ऊर्ध्वपातन करून, म्हणजे वाफ काढून ती पुन्हा थंड करून, एक उडनशील तेल मिळवले आणि त्याला ‘कॅनाबीन’ असे नाव दिले. वनस्पतीचा सारा प्रभाव या सुगंधी तेलातच असावा, ही कल्पना त्या काळात बळावली होती. १८९६ साली केंब्रिजमध्ये वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी हिंदुस्थानातून आलेल्या चरसाचे पृथक्करण करून एक टर्पीन, एक सेस्क्विटर्पीन, एक मेणासारखा पदार्थ आणि एक दाट तांबडे तेल वेगळे काढले. मादक गुण त्या तांबड्या तेलात आढळला आणि त्याला कॅनाबिनॉल हे नाव मिळाले, जरी शुद्ध कॅनाबिनॉल हे मुख्य मादक द्रव्य नसून बहुतांशी त्या द्रव्याच्या जीर्ण होण्यातून निर्माण होते, हे पुढे सिद्ध झाले. त्या दिवसापासून सुमारे शतकभर संशोधकांचे लक्ष जड द्रव्यांवर खिळले. सायमनसेन आणि टॉड यांनी १९४२ साली इजिप्तमधील हशीशच्या तेलाचा अभ्यास केला खरा, परंतु टर्पीने हा या संशोधनातील आडवळणाचाच विषय राहिला.

औषध म्हणून गांजाची पीछेहाट होण्यात जुन्या मालाचा हात मोठा होता. एका बाटलीतील अर्काने रुग्णाला गुंगी यावी आणि दुसरीतील अर्काचा काहीच परिणाम होऊ नये, असे वारंवार घडत असल्यामुळे मात्रा ठरवणे अशक्य होते. अमेरिकेच्या १९१६ च्या औषधकोशात गांजाच्या अर्काची ताकद कुत्र्यांवर पारखण्याची पद्धत स्वीकारली गेली, कारण रासायनिक कसोटी उपलब्धच नव्हती. वास चांगला म्हणून अर्क प्रभावी, असे समीकरण मांडता येत नाही, हेही या अनुभवातून दिसून आले. वास ताजेपणाची सूचना देतो, ताकदीचे माप देत नाही. अखेरीस ब्रिटिश औषधकोशातून १९३२ मध्ये आणि अमेरिकी औषधकोशातून १९४२ मध्ये गांजा वगळण्यात आला. जिनिव्हाच्या १९२५ च्या करारात भांगेच्या झाडाचा समावेश झाला, १९६१ च्या एकल कराराने अवैद्यकीय वापर थांबवण्याचे बंधन घातले, आणि भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी आणली, भांगेची पाने मात्र त्या व्याख्येबाहेर राहिली. नौगावमध्ये १९१७ साली गांजा-उत्पादकांची सहकारी संस्था उभी राहिली होती. तेथील लागवडही १९८७ साली बंद झाली.

व्यापार थांबला तरी संशोधन थांबले नाही. १९६४ साली इस्रायलमध्ये गाओनी आणि मेशूलम यांनी टीएचसी हे मुख्य मादक द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळवले, आणि पुढे मिसिसिपी विद्यापीठात साठवणीचा पद्धतशीर अभ्यास झाला. रॉस आणि एलसोहली यांनी १९९६ साली ताज्या व वाळवलेल्या फुलोऱ्यातील उडनशील तेल मोजले. ताज्या फुलोऱ्यातील तेलाचे प्रमाण ०.२९ टक्के होते. आठवडाभर वाळवल्यावर त्यातील ३१ टक्के, महिन्यानंतर सुमारे ४५ टक्के आणि तीन महिन्यांनंतर सुमारे ५५ टक्के तेल नाहीसे झाले होते. तेलातील मोनोटर्पिनांचा वाटा घटत गेला आणि सेस्क्विटर्पिनांचा वाढत गेला. त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या मालातील टीएचसी पहिल्या वर्षाअखेर सुमारे १७ टक्के आणि चौथ्या वर्षाअखेर सुमारे ४१ टक्के घटल्याचे आढळले. हे आकडे शेजारीशेजारी ठेवले की एक गोष्ट स्पष्ट होते : गंध महिन्यांच्या हिशेबाने जातो आणि ताकद वर्षांच्या हिशेबाने. म्हणूनच हुंगून वय ओळखण्याची जुन्या बाजाराची रीत पोकळ नव्हती. ती सर्वांत आधी बदलणाऱ्या घटकावर बोट ठेवत होती.

जुन्या मालाचा वास म्हणजे ताज्या मालाचाच, फक्त कमी झालेला वास, असे मात्र नाही. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन काही टर्पिनांची नवी संयुगे बनतात. कॅरिओफायलीनपासून होणारे कॅरिओफायलीन ऑक्साइड हे त्यांपैकी एक असून हशीश शोधणारे पोलिसी श्वान याच संयुगाचा माग काढतात, असे जर्मनीतील श्टाल आणि कुंडे यांनी १९७३ साली दाखवून दिले. ताज्या फुलांचा जो उग्र, स्कंक नावाच्या प्राण्याची आठवण करून देणारा दर्प असतो, त्याचा उगम तर टर्पिनांत नाहीच. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तो अत्यल्प प्रमाणात असणाऱ्या गंधकयुक्त संयुगांतून येतो. साठवणीत गंधाचे मूळ स्वरूपच बदलते, हे ध्यानात घेतल्याशिवाय तो परत आणण्याच्या उपायांचे मोल ठरवता येत नाही.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २०१४ च्या आरंभी आणि कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रौढांसाठी गांजाची कायदेशीर विक्री सुरू झाली. त्यानंतर माल पुन्हा गोदामांत, दुकानांच्या फळ्यांवर आणि घरोघरच्या बरण्यांत साठू लागला, आणि नौगावच्या गोल्यातील प्रश्न नव्या वेष्टनात परतला. त्यापूर्वी सुकून ठिसूळ झालेल्या मालात संत्र्याची साल ठेवण्याचा घरगुती उपाय प्रचलित होता. त्याने माल मऊ पडे आणि थोडा वासही लागे. पण ओलाव्याचे प्रमाण हाताबाहेर जाऊन बुरशी धरण्याची भीती असे. या जागी आर्द्रता राखणाऱ्या पुड्या आल्या. पाण्याची वाफ आरपार जाऊ देणाऱ्या पापुद्र्यात क्षारांचे संपृक्त द्रावण बंद केलेले असते. बरणीतील हवा कोरडी झाली की द्रावण वाफ सोडते, दमट झाली की शोषून घेते, आणि सापेक्ष आर्द्रता ५८ किंवा ६२ टक्के अशा ठरावीक पातळीवर राहते. २०१८ साली एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेने सुक्या फुलांची जल-सक्रियता, म्हणजे बुरशीला वापरता येईल अशा मोकळ्या पाण्याचे प्रमाण दर्शवणारा शून्य ते एक या दरम्यानचा आकडा, ०.५५ ते ०.६५ असावा असे मानक प्रसिद्ध केले.

टर्पीनच्या पुड्या ही याच्या पुढची पायरी आहे. त्यांत आर्द्रतेच्या जोडीला किंवा स्वतंत्रपणे टर्पिनांचे मिश्रण एखाद्या शोषक माध्यमात मुरवलेले असते. बंद बरणीत ते हळूहळू उडते, आणि राळेचा व मेणाचा अंश असलेल्या फुलांच्या पृष्ठभागावर काही प्रमाणात मुरते, कारण टर्पीने पाण्यात फारशी विरघळत नसली तरी तेलकट पदार्थांत सहज सामावतात. वास येतो, हा दावा त्यामुळे खोटा नाही. पण हा गंध मिश्रण करणाऱ्याने निवडलेल्या मोजक्या संयुगांचा असतो, तर मिसिसिपीच्या अभ्यासात एका तेलात ६८ घटक आढळले होते. गंधकयुक्त संयुगे बहुधा या मिश्रणात नसतात. घटलेले टीएचसी परत येत नाही, ऑक्सिडीभवन झालेली द्रव्ये पूर्वस्थितीला जात नाहीत, आणि बुरशी लागलेला माल तर सुवासिक होऊनही बुरशी लागलेलाच राहतो. ही शेवटची बाब सर्वांत गंभीर आहे, कारण कुबट वास हीच ग्राहकाला मिळणारी धोक्याची सूचना असते आणि लिंबाच्या किंवा देवदाराच्या वासाखाली ती दडपली जाऊ शकते.

वाळलेल्या पानांना बाहेरून गंध देणे तंबाखूच्या धंद्यात फार पूर्वीपासून चालत आले आहे, आणि तेथे सुगंधी माल सुगंधी म्हणूनच विकला जातो तेव्हा त्यात फसवणूक नसते. आक्षेपार्ह ठरते ते जुन्या मालाला ताज्याचा वास देऊन ताजा म्हणून विकणे. जुन्या बाजारातील गिऱ्हाइकापासून मिसिसिपीच्या प्रयोगशाळेपर्यंत सर्वांनी ज्या गंधाला मालाच्या वयाचा साक्षीदार मानले, त्याच्याच तोंडी पुडी नवी साक्ष घालते. म्हणून जेथे हा व्यापार कायदेशीर आहे तेथे कापणीची तारीख, साठवणीचा काळ आणि बाहेरून घातलेल्या टर्पिनांची नावे वेष्टनावर छापणे बंधनकारक असले पाहिजे. औषध म्हणून हा माल वापरणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत तर यात कोणतीही सवलत असू नये, कारण वय न कळलेल्या मालामुळेच हे औषध एकदा औषधकोशांतून बाद होण्यास हातभार लागला होता. गंध पुन्हा देता येतो, ताजेपणा देता येत नाही. विक्रेत्याने आणि ग्राहकाने हा भेद पाळावा, एवढीच या दीर्घ इतिहासाची मागणी आहे.